दोन पंखांचं कसरती विमान घेतलंय? आधी उतरवायला शिका

रिमोटवर उडणारं दोन पंखांचं विमान, म्हणजे बायप्लेन, जोडून टेबलावर उभं राहिलं की लूप (हवेतला उभा गोल फेरा), रोल (स्वतःभोवती गिरकी), उलटं उडणं असं सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागतं. खरं सांगायचं तर या विमानाच्या कसरती फारशा अवघड नाहीत. ते त्यासाठीच बनलेलं असतं. अवघड आहे ते त्याचं जमिनीवर धावणं, आणि त्याहून अवघड ते जमिनीवर परत येणं. नव्या बायप्लेनचं चाक किंवा प्रॉप (नाकावरचा पंखा) पहिल्याच दिवशी मोडतं ते बहुधा उतरताना, कसरत करताना नाही. म्हणून या लेखात लूप बऱ्याच उशिरा येईल. तोवर धीर धरा.

मी धरून चालतोय की तुमचं विमान फोमचं आहे, पंखांची लांबी एक ते सव्वा मीटर, वजन दीड किलोच्या आत आणि बॅटरी ३एस किंवा ४एस, म्हणजे तीन किंवा चार सेलची. वरच्या बाजूला एकच पंख असलेलं शिकाऊ विमान, म्हणजे ट्रेनर, तुम्ही उडवलेलं आहे आणि ते स्वतःच्या हाताने धडपणे उतरवता येतं, हेही धरून चालतो. नसेल येत, तर बायप्लेन कपाटावर ठेवा आणि एक हंगाम ट्रेनरवर घालवा. यात कमीपणा काही नाही. मराठवाड्यात शेजारी उभा राहून शिकवणारा माणूस मिळणं कठीण, त्यामुळे पायऱ्या गाळल्या की खर्च आपल्याच खिशातून जातो.

हे विमान निराळं का वागतं

बाजारात मिळणारी बहुतेक कसरती बायप्लेन मॉडेलं अमेरिकेतल्या कर्टिस पिट्स यांनी १९४० च्या दशकात आखलेल्या ‘पिट्स स्पेशल’च्या घराण्यातली असतात. हवाई कसरतपटू बेटी स्केल्टन यांचं ‘लिटल स्टिंकर’ हे पिट्स आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात उलटं टांगलेलं आहे. या घडणीची युक्ती अशी, की एका लांब पंखाऐवजी दोन आखूड पंख एकावर एक ठेवायचे. क्षेत्रफळ तेवढंच मिळतं, पण विमान आटोपशीर राहतं आणि स्वतःभोवती झटकन फिरतं. शेपूटही जवळ असल्यामुळे नाक लगेच वर-खाली होतं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. दोन पंख, मधले दांडे, तारा, उघडी चाकं या सगळ्यांना हवा अडते. ट्रेनरचा थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद, शून्यावर आणला तरी ते बरंच अंतर तरंगत जातं. बायप्लेन मात्र वाळूत शिरलेल्या सायकलीसारखं जागीच थबकतं आणि नाक खाली टाकतं. दुसरी गोष्ट, शरीर आखूड, चाकं अरुंद आणि शेपटीखाली छोटं चाक, म्हणून जमिनीवर ते सरळ पळायला तयार नसतं. जरा दुर्लक्ष झालं की गर्रकन फिरून खालचा पंख जमिनीला घासतं. पुढच्या जवळपास सगळ्या सूचना या दोन खोडींमधूनच निघालेल्या आहेत.

कागद, नकाशा आणि गाव

रिमोटचं विमान म्हणजे खेळणं, असा समज अजून आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये नुसती चार पंख्यांची ड्रोनच नाहीत, शिक्षण किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायची २५ किलोपर्यंतची मॉडेलंही येतात. २५० ग्रॅम ते दोन किलो हा ‘मायक्रो’ वर्ग. आपलं विमान त्यात बसतं आणि व्यावसायिक काम नसेल तर त्यासाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मात्र नोंदणी आणि तृतीय पक्ष विमा या बाबी आहेतच, त्या खरेदीच्या वेळीच दुकानदाराशी बोलून मार्गी लावा. तयार ड्रोन परदेशातून आणण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे आणि कस्टमवाल्यांना ड्रोन आणि मॉडेल यांतला फरक समजावत बसण्यात अर्थ नाही. इथल्याच दुकानातून पक्क्या बिलावर घ्या.

उडवायच्या दिवशी ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात जागा पाहा. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत परवानगी न घेता उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही. म्हणजे छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याच्या आसपास किंवा नांदेडच्या विमानतळाजवळ मैदान कितीही मोकळं दिसलं तरी तो विचार सोडा. वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा असल्या ठिकाणी तर विमान गाडीतून बाहेरही काढू नका. सणासुदीला, निवडणुकीच्या काळात जिल्हा प्रशासन स्वतंत्र बंदी घालतं, ती बातमीही बघत जा.

कागदाइतकंच महत्त्वाचं गाव. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या चर्चेने जालना, बीड, संभाजीनगर भागातली गावं अस्वस्थ होती. त्यामुळे शेतमालकाला विचारायचंच, शिवाय पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवायचं आणि अंधार पडायच्या आत आवरायचं. “मामा, फवारणीचं नाही, नुसतं उडवायचं हाय” एवढं एक वाक्य बरंच काम करतं.

रान कसं निवडायचं

काळी रेगड टाळा. ओली असेल तर चाकं चिखलाने भरतात, वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगेत चाक गेलं की विमान नाकावर उलटतं. तुरीची, ज्वारीची धसकटं, पऱ्हाट्यांचे बुडखे तर प्रॉपचे वैरीच. मुरमाड माळ सगळ्यात बरा. साधारण ४० मीटर लांब आणि ७-८ मीटर रुंद पट्टी दगड वेचून, झाडून साफ केली की पुरते. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना शंभरेक मीटर काही उभं नको: बाभूळ नको, विजेचा खांब नको, विहिरीचा कठडा नको. ऊस शेजारी असेल तर शक्यतो दुसरी जागा बघा. उसात पडलेलं विमान शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

पट्टी पूर्व-पश्चिम आखा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून, म्हणजे एकच पट्टी दोन्ही हंगामांना चालते. हिवाळ्यात पट्टीच्या दक्षिण कडेला उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं, सूर्य पाठीमागे राहतो. मे महिन्यात मात्र सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, त्यामुळे सकाळी तो तुमच्या उजव्या हाताला, थोडा समोर येतो. त्या दिवसांत सगळं उडणं डावीकडे, पश्चिमेच्या आकाशात ठेवा. सूर्यावरून गेलेलं विमान क्षणभर दिसेनासं होतं, आणि दोन पंखांचं विमान परत दिसल्यावर ते आपल्याकडे येतंय की लांब चाललंय हे ओळखायला ट्रेनरपेक्षा जास्त वेळ लागतो.

वेळ सकाळची. उजाडल्यापासून दीड-दोन तास हवा निवांत असते. उन्हाळ्यात दहानंतर जमीन तापते, वावटळी उठतात आणि एखादी वावटळ पट्टीवरून गेली तर उतरणाऱ्या विमानाचं काय होईल ते तिलाच माहीत. शिवाय ४२ अंशांच्या उन्हातली हवा हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. पंखांना आधार कमी, प्रॉपला पकड कमी. डिसेंबरात ज्या वेगाने विमान अलगद उतरलं, त्याच वेगाला मे महिन्यात ते धप्पकन बसेल.

टेबलावरचं काम

घाई करू नका, यात एक पूर्ण संध्याकाळ जाऊ द्या.

सगळ्यात आधी तोल, म्हणजे सीजी. बायप्लेनचा खालचा पंख बहुधा वरच्यापेक्षा थोडा मागे सरकवलेला असतो, त्यामुळे ट्रेनरचा अंदाज इथे लावू नका. माहितीपुस्तकात दिलेलं अंतर कुठून मोजायचं आहे ते नीट वाचा. बहुतेक वेळा ते वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून असतं. बॅटरी जागेवर बसवून, झाकण लावून, त्या खुणेवर वरच्या पंखाला दोन्हीकडून खालून बोटांनी उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. पहिल्या दिवसांसाठी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर पुढेच तोल ठेवा. शेपूट जड असलेलं आखूड विमान हातात राहत नाही. तोल जमला की बॅटरी कुठे बसते तिथे मार्करने रेघ मारा.

मग पृष्ठभागांच्या, म्हणजे पंख-शेपटीच्या हलत्या फळ्यांच्या, दिशा. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे केली की उजवे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या) वर आणि डावे खाली. हे विमान चार एलेरॉनचं असेल तर वरचं आणि खालचं सारखंच हलतंय का ते पट्टीने मोजा. जोडदांडीत ढिलाई असेल तर वेगात ती फडफडते आणि सर्व्होचे (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात जातात. पंखांमधले दांडे आणि तारा नुसत्या शोभेच्या आहेत की खरंच ताण घेतात, हेही पुस्तकात बघा. ताण घेणारा दांडा ‘उद्या बसवू’ म्हणून सोडला तर लूपच्या तळाशी पंख दुमडेल.

मोटर किंचित उजवीकडे आणि खाली वळलेली दिसेल. ती चुकून तिरकी बसलेली नाही, प्रॉपच्या ओढीला उतारा म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली असते. वॉशर काढून सरळ करायला जाऊ नका.

रिमोटवर दोन ‘रेट’ बसवा, म्हणजे स्टिकला पृष्ठभाग किती हलतात याची दोन मापं. साध्या रेटला पृष्ठभाग पूर्ण हालचालीच्या साठ टक्के आणि एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणारी सेटिंग) तीसच्या आसपास. कसरतीचा रेट वेगळ्या बटणावर ठेवा आणि पहिले काही आठवडे त्या बटणाला हात लावू नका. थ्रॉटल बंद करणारं बटण हवंच. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल शून्य झाला पाहिजे: प्रॉप काढून ठेवा, मोटर थोडी फिरवा आणि रिमोट बंद करून बघा. सुरू करताना आधी रिमोट मग विमान, बंद करताना आधी विमान मग रिमोट.

रिसीव्हरमध्ये जायरो (विमान आपोआप सावरणारा सेन्सर) असेल तर विमान हातात धरून डावीकडे-उजवीकडे कलवा आणि एलेरॉन उलट बाजूने सावरतात का ते पाहा. उलटी दिशा लागलेला जायरो पहिल्या दोन सेकंदांतच विमान आपटतो. सौम्य जायरो वाऱ्यात मदत करतो हे खरं, पण वेग फार कमी झाल्यावर कललेला पंख उचलायला तो एलेरॉन देतो आणि तो पंख आणखी लवकर स्टॉल होतो, म्हणजे हवेचा आधार सोडतो. म्हणून जायरो असला तरी वेग सांभाळायचं काम तुमचंच.

बॅटरीबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण बाकी तुम्हाला ट्रेनरमुळे माहीत आहे. एका सेलला पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, ठेवणीत ३.८ च्या आसपास, आणि उडून आल्यावर ३.७ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. आणि मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी सोडून रसवंतीवर जायचं नाही.

संगणकावर आणि जमिनीवर

पिकासिम हा सिम्युलेटर फुकट आहे, रिअलफ्लाइट विकत मिळतो. तुमचाच रिमोट तारेने किंवा डोंगलने जोडा. तिथे कसरती करत बसण्याचा मोह होतो. त्याऐवजी एकच करा: बायप्लेन घ्यायचं, थ्रॉटल न सोडता उतरायचं, परत उडायचं, परत उतरायचं. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना रडरचा (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा) हात न अडखळता चालला की रानात जा.

रानातली पहिली बॅटरी उडवायची नाही, धावण्यात संपवायची. एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणारी, स्टिक मागे ओढून धरा म्हणजे शेपटीचं चाक जमिनीला टेकलेलं राहील. हळूहळू थ्रॉटल द्या. प्रॉपच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढेल, उजवा रडर देऊन पट्टीच्या मध्यावर ठेवा. रडर छोटा द्या आणि लगेच परत घ्या. दाबून धरलात तर उजवीकडे गर्रकन फिरेल. पाठीमागून वारा असताना एलिव्हेटर ओढून ठेवू नका, वारा शेपूट उचलतो. हे सगळं इतकं जमलं पाहिजे की पट्टीच्या टोकाला जाऊन, वळून, परत पायाशी येताना तुमचं लक्ष दुसऱ्याशी बोलण्यात असलं तरी चालेल.

इथेच माणसांची सोय लावा. गावाकडे विमान दिसलं की पोरं येतात, आणि विमान उतरलं की ते धरायला पळतात. फिरता प्रॉप बोट तोडू शकतो. सोबत एक जाणतं माणूस हवंच, ज्याचं काम आकाशात बघणं नसून पोरं, गुरं आणि मोटारसायकली बघणं हे आहे. सगळ्यांना तुमच्या पाठीमागे एका रेघेवर उभं करा. विमान कायम तुमच्या समोर. डोक्यावरून नाही, लोकांवरून तर कधीच नाही.

पहिलं उड्डाण

वारा पट्टीच्या रेषेत आणि झुळुकीइतकाच हवा. टायमर चार मिनिटांचा लावा. रिमोटचा कमी-ताकद मोड (सिग्नलचा पल्ला तपासायचा) चालू करून तीसेक पावलं दूर जा आणि सगळे पृष्ठभाग हलतात का ते सोबत्याला बघायला सांगा. मग तोंड वाऱ्याकडे.

एलिव्हेटर मागे, थ्रॉटल मोजत-मोजत पुढे, उजवा रडर बोटाखाली. वेग आला की एलिव्हेटर हळूच सैल सोडा, शेपूट वर येईल आणि थोड्याच अंतरात विमान स्वतःहून उठेल. ओढून उठवू नका. एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर ते वेग यायच्या आधीच उडी मारतं आणि डावा पंख टाकतं. उठल्यावरही नाक फार वर नको. हलक्या चढाच्या रस्त्याने चढावं तसं निवांत चढू द्या आणि पहिलं वळण उंची आल्यावरच घ्या.

साठ-सत्तर मीटर उंची गाठा. गावाकडचा मोबाइल टॉवर ३० ते ५० मीटरच्या दरम्यान असतो, त्यावरून अंदाज येतो. अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर विमान सरळ जाईपर्यंत रिमोटवरच्या बारीक बटणांनी ट्रिम करा. वळणात एलेरॉनबरोबर थोडा रडरही द्या, नाहीतर शेपूट लोंबकळत वळतं.

आता या पहिल्या उड्डाणातलं मुख्य काम. वर असतानाच थ्रॉटल एकेक खाच कमी करत जा आणि उंची टिकवायला एलिव्हेटर ओढत जा. एका क्षणी विमान डुगडुगेल आणि नाक किंवा एक पंख टाकेल. हाच स्टॉल. स्टिक सोडा, थ्रॉटल द्या, सावरेल. पुन्हा करा. कोणता पंख पडतो, पडण्याआधी कशी चुळबुळ होते, किती उंची जाते, हे डोळ्यांत भरून घ्या. मग स्टॉलच्या बरंच आधीचा तो थ्रॉटल शोधा, ज्यावर विमान नाक न टाकता, एका लयीत खाली येत राहतं. रिमोटवर त्या जागी कागदाची बारीक पट्टी चिकटवा. पुढचे काही आठवडे उतरताना ती पट्टी हाच तुमचा आधार.

उतरणं

ट्रेनरवर लागलेली सवय अशी असते: पट्टीच्या रेषेत आलो की थ्रॉटल शून्य, मग तरंगत खाली. बायप्लेनवर ही सवय मोडावी लागते. चाक जमिनीला लागेपर्यंत प्रॉप फिरत, ओढत राहिला पाहिजे.

वाऱ्याच्या दिशेने, पट्टीला समांतर, पंधरा-वीस मीटर उंचीवरून या. तुमच्या समोरून पुढे गेल्यावर थ्रॉटल चिकटवलेल्या पट्टीच्या जरा वर आणा. वळणं दोन घ्या, रुंद आणि चौकोनी. एकच झटक्यातलं आवळ वळण घेऊ नका, कारण कललेलं विमान जास्त वेगाला स्टॉल होतं आणि आपण इथे मुळात वेग कमी केलेला असतो. पट्टीच्या रेषेत सरळ आलात की लक्षात ठेवा: वेग एलिव्हेटरने, उंची थ्रॉटलने. पट्टीच्या अलीकडेच पडेल असं वाटलं तर नाक वर ओढायचं नाही, एक खाच थ्रॉटल वाढवायचा. पलीकडे जाईल असं वाटलं तर एक खाच कमी.

गुडघाभर उंचीवर आल्यावर नाक आडवं करा आणि तिथेच धरा. थ्रॉटल अगदी थोडा कमी करा. पुढची दोन चाकं टेकतील. टेकली की मगच थ्रॉटल शून्य, आणि वेग उतरत जाईल तसं एलिव्हेटर मागे घेत शेपूट खाली बसवा. टेकताक्षणी एलिव्हेटर ओढलं तर विमान परत हवेत उडी मारेल, यावेळी वेगाशिवाय. तीन चाकांवर एकदम बसवणं दिसायला देखणं, पण ते नंतरचं.

उडी मारलीच तर नाक दाबू नका. दाबलं की प्रॉप जमिनीत. थ्रॉटल द्या, नाक आडवं ठेवा आणि पुन्हा वर जा. हा थ्रॉटलही एकदम ठोकायचा नाही. कमी वेगात अचानक पूर्ण ताकद आली की मोटरच्या झटक्याने विमान डावीकडे लोळतं. दोन सेकंदांत पुढे न्या आणि उजवा रडर तयार ठेवा. खरं तर पहिल्या दिवशी पाच वेळा उतरायला येऊन पाचही वेळा न टेकता निघून गेलात तरी ते उत्तम शिकणं आहे. एवढंच, की टायमर वाजायच्या आधी शेवटचं येणं सुरू झालेलं असावं.

मोटर बंद पडली तर? नाक लगेच खाली आणि समोर जे रान आहे तिथे सरळ. पट्टीकडे वळायचा मोह सोडा. ट्रेनर वळून परत येऊ शकतं, हे येत नाही. सोयाबीनमध्ये उतरलेल्या विमानाचं फार तर चाक जातं. वळताना पडलेल्या विमानाचं नाक, मोटर आणि वरचा पंख जातो.

आडवा वारा असेल तर पहिले काही आठवडे सरळ चहा प्या. बायप्लेनची बाजू मोठी, चाकं अरुंद. अशा वाऱ्यात शिकायचं ते सरळ वाऱ्यात दहापैकी दहा वेळा पट्टीवर बसायला लागल्यावर.

आता कसरती

उतरणं हातात बसलं, की पुढचं सोपं वाटेल. प्रत्येक नवी कसरत साठ मीटरच्या वर, वाऱ्याला सामोरं जाताना आणि तुमच्यापासून लांब सरकत जाणाऱ्या रेषेत करा. काही बिनसलं तर उत्तर एकच: स्टिक मध्ये, थ्रॉटल कमी, विमान कोणत्या अंगावर आहे ते ओळखा, मग ओढा. नाक खाली असताना घाबरून पूर्ण ओढलं की वेगातही स्टॉल होतो.

लूपने सुरुवात करा. आडव्या उड्डाणातून पूर्ण थ्रॉटल, एलिव्हेटर हळू ओढा, माथ्यावर थोडं सैल सोडा आणि खाली येताना थ्रॉटल कमी करा. दोन पंखांच्या अडवणुकीमुळे चढताना वेग भराभर जातो, म्हणून पहिला लूप लहानच ठेवा. लूप एका बाजूला वळत असेल तर पंख सुरुवातीला आडवे नव्हते, किंवा चढताना रडर कमी पडला.

मग रोल. नाक जरा वर करा, एलिव्हेटर मध्ये आणा आणि एलेरॉन द्या. उलटं असताना एलिव्हेटर किंचित पुढे ढकला. याच दिवसांत उलटं उडून तोलही तपासता येतो: उलटं उडताना खूप ढकलावं लागत असेल तर नाक जड आहे, बॅटरी एका वेळी तीन मिलिमीटर मागे घ्या, जास्त नाही. आणि उलटं असताना गडबड वाटली तर ओढू नका, अर्धा रोल करून सरळ व्हा. ओढलेलं उलटं विमान सरळ जमिनीकडे जातं. मला वाटतं बायप्लेनवाल्याने पाठ करावं असं हे एकच वाक्य आहे.

स्टॉल टर्न या विमानाला सगळ्यात शोभून दिसतो. सरळ उभं वर जायचं, वेग संपत आला की थोडा थ्रॉटल ठेवून डावा रडर पूर्ण द्यायचा, विमान डाव्या बाजूला कलंडून आल्या रेषेने खाली येतं. नेहमीच्या प्रॉपला डावीकडे वळणं सोपं जातं. रडर उशिरा दिला तर ते शेपटीवर घसरतं. तेव्हा थ्रॉटल शून्य करा आणि नाक खाली पडायची वाट बघा.

स्पिन, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली येणं, मुद्दाम शिका, कारण तो न सांगताही येतो. शंभरेक मीटरवर जा, नकाशात तेवढी उंची मोकळी असेल तरच. थ्रॉटल शून्य, एलिव्हेटर पूर्ण मागे, स्टॉल होताच पूर्ण रडर. बाहेर पडताना एलेरॉन मध्ये, उलटा रडर, एलिव्हेटर सोडा. फिरणं थांबलं की रडर मध्ये आणून मग हळू ओढा. स्नॅप रोल मात्र फोमच्या नव्या विमानाला लगेच लावू नका. तो वेगात मारलेला स्पिनच असतो आणि पंखाच्या स्क्रूंवर, दांड्यांवर एकाच झटक्यात सगळा ताण येतो. लावायचा तेव्हा वेग निम्म्यावर आणून लावा आणि उतरल्यावर प्रत्येक दांडा हलवून पाहा.

पडलं तर

पडलं तिथली खूण नजरेने पकडा: मागचं झाड, खांब, टेकाड. नजर न हलवता थ्रॉटल बंद करणारं बटण दाबा, मग चालायला लागा. पिकात दिसत नसेल तर रडर हलवत राहा, सर्व्होचा आवाज येतो. विजेच्या तारेत अडकलं असेल तर बांबू, काठी काही लावू नका. महावितरणच्या लाइनमनला बोलवा, तो लाइन बंद करून काढेल. आपटलेली बॅटरी काढून अर्धा तास उघड्या मुरमावर ठेवा. कडब्याच्या गंजीजवळ किंवा गाडीच्या डिकीत नाही. चेपलेली, फुगलेली बॅटरी परत चार्जरला लावायची नाही, कितीही नवी असली तरी.

दांडे वाकले असतील तर सरळ करून वापरू नका, बदला. वरच्या आणि खालच्या पंखाचा कोन अर्ध्या अंशाने जरी बिघडला तरी विमान एका बाजूला ओढत राहतं आणि तुम्ही आठवडाभर ट्रिमशी झगडता. दोन्ही पंखांच्या टोकांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे सुतळीने मोजून सारखं असल्याची खात्री करा. जूनमध्ये पश्चिमेचा वारा जोर धरला की विमान भिंतीवर टांगा, बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणून डब्यात ठेवा आणि डबा, विमान दोन्ही उंदरांपासून लांब ठेवा. फोम त्यांना आवडतो, सर्व्होच्या तारा त्याहून जास्त.